अर्धा छपरावर, अर्धा घरात

...आणि वर मलाच विचारतात, "तुम्ही नक्की काय केलंत?" काय केलं म्हणजे? उभा राहिलो! सहा तास उभा राहिलो! कमरेपासून वरचा मी छपराबाहेर, कमरेपासून खालचा मी घरात, दोन्ही हातांची एका लाकडी चौकटीला मिठी आणि दातांत दोऱ्याचं रीळ... आता तुम्ही म्हणाल, दातांत रीळ कुठून आलं? येतो, तिकडेच येतो, पण मला जरा सुरुवातीपासून चिडू द्या!

तुम्हाला सांगतो, सगळी भानगड उजेडाची. आमची ही रफूचं काम करते. तुमचा कोट खिळ्याला अडकून फाटला, उंदराने कुरतडला, कुणाच्या सिगारेटने भोक पाडलं, तर ही त्यात एकेक धागा असा विणते की दुसऱ्या दिवशी तुम्हीच शोधत बसाल, भोक होतं कुठे? वरच्या मजल्यावर, उतरत्या छपराखाली एक खोली आहे, तिथे हिचं टेबल. बत्तीस वर्षं तिथेच. खोलीला खिडकी एकच, आणि गेल्या वर्षी शेजाऱ्याने त्या खिडकीसमोर दोन हातांवर भिंत उभी केली. खिडकी उघडा, त्याची भिंत. खिडकी लावा, आपली भिंत. खाली गल्लीत म्हणाल तर ऊन बाराला येतं आणि सव्वाबाराला चुकल्यासारखं निघून जातं. मग दिवा लावायचा! लावला ना! पण दिव्याखाली गडद निळा आणि काळा एकसारखे दिसतात, हे मला माहीत नव्हतं, हिला माहीत होतं, पण करते काय? एका वकीलबाईंच्या काळ्या कोटाला हिच्या हातून निळ्या दोऱ्याने रफू झालं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा! बाई भर कोर्टात उभ्या, खिडकीतून ऊन आलं, आणि पाठीवर हे एवढं निळं ठिगळ! कोट परत आला. ही दोन दिवस धड जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, "कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला म्हणतोय, माझ्या दुकानात टेबल टाका, पुढे सगळी काचच आहे. सोमवारपासून जाते. नऊला निघेन, संध्याकाळी सातला येईन."

आता मला रिटायर होऊन किती महिने झाले? अकरा. या अकरा महिन्यांत मी काय शिकलो? तर ही घरात असली की मी पेपर वाचतो, आणि ही घरात नसली की मी पेपर हातात धरून घड्याळ बघतो. मध्यंतरी दोन दिवस बहिणीकडे गेली होती... घर खायला उठलं हो! तिने माझ्याशी बोलत बसावं असंही नाही, वरून नुसता खुर्ची सरकल्याचा आवाज आला तरी मला बरं वाटतं. लाज कसली, आहे ते आहे. पण हे तिला सांगायचं सोडून मी काय केलं? छाती पुढे काढून म्हणालो, "कुठे जायचं नाही! सोमवारच्या आत तुझ्या खोलीत आभाळ आणून देतो!" बोलून गेलो हो! कुणी विचारलं होतं?

तर आभाळ आणायचं म्हणजे काय करायचं? छपराला भोक पाडायचं, त्यावर काचेचं झाकण बसवायचं. मला वाटलं, संपलं. छे! भोकावर नुसतं झाकण ठेवलं तर छपरावरून वाहत येणारं पाणी सरळ आत. म्हणून भोकाभोवती चार फळ्यांची, वीतभर उंचीची चौकट उभी करायची, म्हणजे पाणी तिला अडून बाजूने जातं, आणि त्या चौकटीवर वरून झाकण बसवायचं, डब्याचं बसवतो तसं. शनिवारी पत्रेवाला आला, घर्रर्र करून भोक पाडलं, आणि हात झटकत म्हणाला, "चौकटीचं तुमचं तुम्ही बघा, ते सुताराचं काम." सुताराला फोन केला. सुतार म्हणाला, "बुधवारी." अहो, छपराला भोक आहे! "मग त्यावर काहीतरी झाका की बुधवारपर्यंत!"

आणि तेव्हा ही म्हणाली... मला ती वेळसुद्धा आठवते, पावणेसहा... ही म्हणाली, "एवढं काय? माझा भाऊ आहे की!"

तुम्हाला सांगतो, माझा मेहुणा म्हणजे माणूस लाखात एक. फोटोंच्या फ्रेमा करतो. पंचवीस वर्षं. लग्नाचे फोटो, शाळेची सर्टिफिकिटं, वारलेले आजोबा, सगळं याने चौकटीत बसवलेलं. हाताला अशी सफाई की बघत राहावं. प्रश्न एवढाच की याने आजपर्यंत जे जे बनवलं ते भिंतीवर टांगलं गेलं! त्याच्यावर कधी पाऊस पडला नाही! मी हिला हे सांगायचा प्रयत्न केला. ही म्हणाली, "चौकट ती चौकट." झालं.

रविवारी सकाळी नऊला साहेब हजर. काचेचं झाकण त्यानेच आणलेलं, "काचेतलं मला कळतं, भावोजी, तुम्ही त्यात पडू नका." पाच वेळा माप घेतलं. फळ्यांची टोकं तिरकी कापली, काटकोनाच्या बरोबर निम्म्यात, आणि जुळवून दाखवली तर मधून केस जायचा नाही! मी म्हटलं, "वा! आता स्क्रू मारून टाक." तर असा बघायला लागला, जणू मी त्याच्या बहिणीबद्दलच काही बोललो. "स्क्रू? भावोजी, स्क्रू दिसतात." कुणाला दिसतात? छपरावर कोण येतंय बघायला? कबुतरं? "काम हे काम असतं. कोपरा डिंकानेच जोडायचा."

आणि डिंकाने जोडायचा म्हणजे तो वाळेपर्यंत चौकट चारही बाजूंनी आवळून धरायची. त्यासाठी त्याच्याकडे एक पट्टा असतो, चौकटीला बाहेरून गुंडाळून पिळला की झालं. पण जोडायचं कुठे? तर छपरावरच! कारण छपराला उतार, खाली जोडलेली चौकट वर नीट टेकणार नाही म्हणे. मग तो बाहेरच्या शिडीने छपरावर, मी खोलीतल्या शिडीवर चढून भोकातून कमरेपर्यंत बाहेर, त्याने माझ्याभोवतीच चार फळ्या मांडल्या, चारही कोपऱ्यांना डिंक लावला, माझे दोन्ही हात चौकटीबाहेरून घेऊन आत आवळायला लावले, "हां, अस्सं! आणखी जोरात! शाब्बास!" आणि मग कमरेवर हात ठेवून इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि म्हणाला, "पट्टा दुकानात राहिला."

मी काय करणार? माझ्या मिठीत चौकट!

"दहा मिनिटांत आलो, भावोजी. सोडलंत तर कोपरे उघडतील आणि माझ्याकडे दुसऱ्या फळ्या नाहीत. तुम्ही फक्त हलू नका!" गेला. स्कूटरचा आवाज आला, कमी झाला, बंद झाला. आणि मी राहिलो, अर्धा छपरावर, अर्धा घरात.

पहिली पाच मिनिटं छान गेली, खोटं कशाला बोलू. वारा होता. मग पाय खाजायला लागला. कुठला? जो खाली होता तोच! मी वरून ओरडलो, "अगं, उजव्या पायाला, गुडघ्याखाली, जरा खाजव ना!" हिने डावा खाजवला. "उजवा!" "हाच उजवा." "तुझा उजवा नाही, माझा उजवा!" "तुमचं तोंड कुठे आहे ते मला दिसत नाही, मी कसं ठरवू?" तेवढ्यात खिशातला फोन वाजायला लागला, खालच्या खिशातला. हिने काढला, घेतला, आणि मला ऐकू येतंय, "हो... हो... नाही, ते वर आहेत... नाही, म्हणजे पाय इथेच आहेत... बरं." ठेवला. कोण होतं? "तोच, माझा भाऊ. दुकानात एक गिऱ्हाईक आलंय, अर्धा तास लागेल. म्हणाला, त्यांना सांग, फक्त हलू नका."

समोरच्या घराच्या गच्चीत काकू कपडे वाळत घालायला आल्या. वय पंचाहत्तर, नजर घारीची. आयुष्यभर कापडाच्या दुकानात तागे कापले. मला बघून चिमटा तोंडातच राहिला. "काय रे? अडकलास का?"

"नाही काकू, काम करतोय!"

"कसलं? हलत तर नाहीयेस."

"तेच काम आहे!"

काकूंनी खुर्ची आणली. खुर्ची! आणि बसल्या माझ्याकडे तोंड करून. त्यांच्या गच्चीवर वर्षभरात काही घडत नसेल हे मला मान्य आहे, पण एवढं?

आणि तुम्हाला सांगतो, बरोबर साडेदहाला खाली दारावरची घंटा वाजली. वकीलबाई! त्याच, निळ्या ठिगळाच्या! उद्या त्यांची मोठी केस, कोट आजच हवा, आणि हा कोट आज काळ्याचा काळा झाला नाही तर त्या पुन्हा पायरी चढणार नाहीत हे त्यांनी पायऱ्या चढता चढताच सांगितलं. खोलीत आल्या. मग आवाज आला, "हे... पाय कुणाचे?"

ही म्हणाली, "आमच्या ह्यांचे."

"अच्छा. नमस्कार." माझ्या गुडघ्यांना नमस्कार केला त्यांनी! आता मी उलट नमस्कार कशाने करू? एक पाय जरा हलवला. लगेच ही खालून, "अहो, हलू नका!"

मग खाली खुसफुस. मग कोट झटकल्याचा आवाज. मग हिचा सुस्कारा, तो मला कुठूनही ओळखू येतो. "अहो, तुम्ही उजेड अडवताय."

मी? मी अडवतोय? मी उजेड आणतोय! त्यासाठीच तर लटकलोय ना इथे!

"आणताय ते कळतंय मला. पण आत्ता अडवताय. भोकभर तुम्हीच आहात. काळा कुठला आणि निळा कुठला, काही दिसत नाहीये."

बघा आता! उतरलो, तर कोपरे उघडणार, चौकट गेली, उद्यापासून ही लाँड्रीत. नाही उतरलो, तर हिला उजेड नाही, कोट बिघडणार, वकीलबाई गेल्या, तरीही ही उद्यापासून लाँड्रीतच! माझ्या हातात एकच चौकट होती हो, पण मी चारी बाजूंनी अडकलो होतो. मला त्या क्षणी खरंच रडू आलं. हसू नका. डोळेसुद्धा पुसता येत नव्हते.

तर ही काय करते? गुडघे दुखतात हिचे, शिडी चढत नाही कधी. त्या दिवशी चढली. माझ्या मागून दोन पायऱ्या वर आली, माझी कंबर आणि पत्रा यांच्यामधल्या फटीतून हात वर काढला, आणि कोटाची बाही माझ्या खांद्यावर टाकली. "वर ऊन आहे ना? मग तुम्हीच बघा. तीन रिळं देते. काळा कुठला ते सांगा."

मी सांगू? मला दोन मोजे एका जोडीचे घालता येत नाहीत! आणि रिळं धरू कशात? "थांबा," म्हणाली, आणि दोऱ्याचा फास करून एक रीळ माझ्या उजव्या कानाला अडकवलं, एक डाव्या कानाला, आणि तिसरं... "आ करा." तिसरं दातांत. "नीट बघा हं, हलू नका," आणि उतरली खाली.

बघा म्हणे! स्वतःचा कान बघितलाय का हो कुणी कधी?

पण समोर काकू होत्या. उठून कठड्याला आल्या, डोळ्यांवर हात धरला. "अरे, मान डावीकडे कर... उन्हात धर कान. अं हं, तो उजवा जांभळ्यावर गेलाय. दुसरा दाखव. छे छे, हिरवट! काळ्यात सात काळे असतात, कुणी सांगत नाही तुम्हाला... आता दात दाखव. दात! हां... आणि खांद्यावरचं कापड त्याच्या जवळ... जवळ आण रे हनुवटी..." आणि टाळी वाजवली त्यांनी! "तोच! दातातला! तोच काळा!"

झालं! बरं, पण हे हिला सांगायचं कसं? तोंडात रीळ! "ऊं! ऊं ऊं!" ही खालून, "काय? उजवा कान?" "ऊं हूं!" "डावा?" मी शिडीवर पाय आपटला. काकू तिकडून ओरडतायत, "दातातला गं, दातातला!" अख्ख्या गल्लीला कळलं. खालून एक सायकलवाला थांबला आणि त्याने वर बघून मला हात केला.

पण ऐका, खरी मजा पुढेच. हिने तो दोरा खालूनच ओढला, थेट माझ्या दातांतल्या रिळावरून, फटीतून खाली, सुईत. आणि बसली विणायला, दिव्याखाली, आता रंगाची काळजी नव्हती ना! तासभर! ती टाका घाली, माझ्या तोंडात रीळ गर्रकन फिरे. ती थांबे, रीळ थांबे. तिने दोरा जरा जोरात ओढला की माझी मान खाली. तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षांत मी तिचं काम इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं... बघितलं म्हणजे, चावलं नव्हतं. आणि मध्येच ती काहीतरी गुणगुणायला लागली. कोट परत आल्यापासून पहिल्यांदाच. मला ते छपराच्या वर ऐकू आलं. हात मेले होते, मान गेली होती, पण मनात म्हटलं, वाळू दे डिंक सावकाश.

कोट झाला. वकीलबाईंनी उजेडात नेऊन बघितला, म्हणजे माझ्या पायांशेजारून जेवढा येत होता तेवढ्यात, मग जिना उतरून गल्लीत जाऊन बघितला, सव्वाबारा व्हायच्या आत, आणि खालून ओरडून सांगितलं, "दिसतच नाही हो! कुठे होतं तेच दिसत नाही!" हिने माझ्या पोटरीवर दोनदा थोपटलं फक्त.

आणि मग साहेब आले. पट्टा घेऊन! "सॉरी, भावोजी, गिऱ्हाइकाला सोनेरी की चॉकलेटी ठरवता येईना. अरे वा, कोपरे तर जुळलेच की! बघा, म्हटलं होतं ना, फक्त हलू नका!" पट्टा न उघडता पिशवीत. मी रीळ थुंकलो. म्हटलं, "झाकण लाव आणि मला सोडव." तो म्हणाला, "एक मिनिट, माप बघू दे, वाका जरा." मी वाकलो. त्याने झाकण उचललं, चौकटीवर ठेवलं... आणि झाकण धप्पकन आत! माझ्या डोक्यावर! चौकटीवर बसायचं सोडून चौकटीच्या आत पडलं, आणि मी काचेचं झाकण टोपीसारखं घालून छपरात उभा! काकू पुन्हा खुर्चीवर बसल्या.

तुमच्या लक्षात आलं का काय झालं ते? माझ्या आलं, लगेच, डोक्यावर वजन असलं की माणसाला पटकन कळतं. अहो, फोटोची काच कुठे बसते? फ्रेमच्या आत! याने पंचवीस वर्षं काच आत बसवली, म्हणून इथेही चौकट अशी केली की काच आत बसेल. अगदी बरोबर बसत होती! केस जायचा नाही! पण छपरावरचं झाकण बाहेरून बसतं, डब्यासारखं, हे मी त्याला सकाळी नऊला सांगितलं होतं, आणि तो म्हणाला होता, तुम्ही त्यात पडू नका. आता मी त्यातच पडलो होतो!

चूक कबूल करेल तर तो हिचा भाऊ कसला! पाच मिनिटं हनुवटी खाजवली, मग चेहरा उजळला. "भावोजी, डबल फ्रेम! आत एक छोटी, जरा उंच. बाहेरची राहू दे, शोभा येईल." अरे, दोन चौकटींच्या मधल्या फटीत पाणी साचेल! "सिलिकॉन भरतो. आणि थोडं साचलंच, तर चिमण्या पितील." खाली स्वयंपाकघराच्या माळ्यावर जुन्या पलंगाच्या फळ्या होत्या, त्या कापल्या, टोकं तिरकी, डिंक चार कोपऱ्यांना, माझ्याभोवती मांडल्या... आणि मी ओरडलो, "पट्टा! पट्टा आहे ना आता!" तो म्हणाला, "आहे, पण तो मोठ्या फ्रेमचा, इथे सैल पडतो. आणखी अर्धा तास हो फक्त, तुम्हाला आता सवय झालीये. हलू नका."

चारला मला खाली काढलं. काढलं, म्हणजे ओढलं. हात मिठीतच राहिले होते, सरळ होईनात. रात्री जेवताना ही भरवत होती आणि मी ताटासमोर असा, कुणाला तरी भेटायला निघाल्यासारखा.

पण सोमवारी सकाळी, तुम्हाला सांगतो, नऊ वाजले आणि ही कुठे गेली नाही. लाँड्रीवाल्याला निरोप पाठवला. वर गेली. मी मागोमाग पेपर घेऊन. आणि काय सांगू, टेबलावर ऊन! चौकोनी, स्वच्छ, कात्रीच्या पात्यावर चमकतंय. ही हात फिरवत होती टेबलावरून, असा, उन्हावरून. मी खुर्चीत बसलो. पेपर उघडला. सहा तासांचं सार्थक झालं म्हटलं.

तेवढ्यात हिने एक शर्ट काढला, टेबलावर पसरला, वाकून बघितला, सरळ होऊन बघितला. म्हणाली, "अहो, हा पांढरा आहे की पिवळा?"

मी म्हटलं, "पिवळा."

"काल आला तेव्हा पांढरा होता."

भावाला फोन. स्पीकरवर. तो आनंदाने, "ताई, खास काच आहे ती! फ्रेमला वापरतो ना, तीच! किंचित चहाचा रंग. त्यातून ऊन येतं, पण उन्हाने रंग उडत नाही. तुझ्या खोलीतलं काहीही वीस वर्षं फिकं पडणार नाही, लिहून घे!"

लिहून काय घ्यायचं? सगळी खोली चहात बुडवलेली! सुईत दोरा ओवता येतो, टाका दिसतो, दिवसभर उजेड आहे, भरपूर आहे, फक्त काळा, निळा आणि जांभळा यांचं त्या उजेडात एकमत झालंय. हिने फोन ठेवला. वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. झाकण बिजागरीवर उघडतं, तेवढं बाकी त्याने छान केलंय, पण उघडं ठेवलं की वाऱ्याने दोरे उडतात. समोर काकू नऊपासूनच खुर्ची टाकून बसल्यात म्हणे.

ही म्हणाली, "बोलावू का त्याला पुन्हा? म्हणतोय काच बदलून देतो. आतली चौकट तेवढी सोडवून परत जोडावी लागेल, तासाभराचं काम आहे, तुम्ही फक्त..."

मी पेपर ठेवला, शिडी ओढली, म्हटलं, "रिळं दे इकडे."